पहिलं तोंगसुई (कँटनी, म्हणजे दक्षिण चीनमधलं गोड सूप) करताय? मग एवढंच बघा

पहिल्याच वेळी आठ-दहा जिन्नस घालायला जाऊ नका. यिनअर म्हणजे पांढरी झाडबुरशी, लाल खजूर, गोजी बेरी आणि खडीसाखर, बास. (तो 'खजूर' खरं तर बोराच्या कुळातला. आपला खजूर घातलात तर चव पार बदलेल.) कँटनी घरांत असं गोड सूप जेवणानंतर वाटीभर घेतात, गरम किंवा गार.

सगळा खेळ बुरशीचा आहे. पांढरीशुभ्र दिसली म्हणून घेऊ नका, किंचित पिवळसर बरी. १५-२० ग्रॅमचा एक गड्डा तासभर गार पाण्यात भिजवा. फुगून पातेलं भरतं, घाबरू नका. बुडखा उलटा करून कडक पिवळा देठ कात्रीने कापा आणि बाकीचं नखाएवढं फाडा. मोठे तुकडे ठेवले की सूप पाणचट राहतं, माझं पहिलं तसंच झालं होतं. आणि भिजवलेली बुरशी रात्रभर ओट्यावर ठेवायची नाही, विषबाधा होऊ शकते.

दीड लिटर पाण्यात मंद आचेवर दीड-दोन तास. डावातून धार चिकट, सलग पडली की जमलं.

नवशिक्यांच्या चुका:
- खडीसाखर आधीच घालणं. ती शेवटी, चाखत चाखत.
- गोजी सुरुवातीपासून उकळणं. शेवटची दहा मिनिटं पुरे, नाहीतर आंबट लगदा.
- खजुराच्या बिया तशाच ठेवणं.

कमळबीज पुढच्या खेपेला. त्यातला हिरवा कोंब कडू असतो, तो काढायचा.