तेलावर चालणाऱ्या देशाचा ऊर्जा-आराखडा : सुरुवात कुठून करावी

तेलाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या तुमच्या देशासाठी केलेल्या ऊर्जा-आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात सौर प्रकल्पांच्या जागा आणि मेगावॅटचे आकडे आहेत. उत्साह योग्यच आहे, पण सुरुवात तिथून करू नका. आधी देशाचा अर्थसंकल्प उघडा. सरकारी महसुलाचा किती वाटा तेलातून येतो आणि भाव कोसळल्यास पगार कशातून द्यायचे, याचे उत्तर नसेल तर बाकीचा आराखडा कागदावरच राहतो. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेला कच्च्या तेलाच्या पिंपाचा भाव जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्याही खाली गेला होता. अशा वेळी आधार म्हणून तेलाच्या उत्पन्नातून बचत साठवणारा तेलनिधी लागतो. नॉर्वेने त्याचा कायदा १९९० मध्ये केला, तरी त्यात पहिली रक्कम पडली ती १९९६ मध्ये. तेव्हा निधीचे काम लवकर हाती घ्या.

नवख्यांची सर्रास होणारी चूक म्हणजे इंधनावरील अनुदान एका फटक्यात काढणे. नायजेरियाने जानेवारी २०१२ मध्ये तसे केले आणि देशव्यापी संपामुळे काही दिवसांतच अंशतः माघार घेतली. इराणने २०१० मध्ये भाव वाढवण्याआधी कुटुंबांच्या खात्यांत रोख रक्कम जमा केली. पुढे महागाईने तिचे मोल घटवले, पण क्रम योग्य होता.

वीजक्षेत्रात तूर्त दोनच कामे धरा :

१. तेल जाळून होणारी वीजनिर्मिती आधी बदला, कारण वाचलेले तेल निर्यात करता येते.
२. वीजवाहिन्यांची क्षमता तपासा. तिच्याविना सौरवीज वाया जाते.

हायड्रोजन इंधन आणि कार्बन बाजार (कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री) यांना सध्या हात लावू नका.