दिसले ते पोलिसांना कळवावे का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमधील डेटा काढून देताना लहान मुलीच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत दिसली. पोलिसांना सांगणे हा विश्वासघात होईल का? पुरावा म्हणून प्रत ठेवावी का?

उत्तर : गिऱ्हाइकाची पत्रे, हिशेब आणि घरचे फोटो यांबाबत मौन पाळणे हे आपले कर्तव्य आहेच, परंतु चित्रफितीतील मुलगी या व्यवहारात कोठेच नव्हती आणि तिच्या वतीने गप्प राहण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ नुसार असा गुन्हा ज्याला कळतो त्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तर सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. प्रत मात्र मुळीच काढू नये. हेतू कितीही चांगला असला तरी प्रत्येक नवी प्रत त्या मुलीवर पुन्हा अत्याचार करते, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली आपणच अडचणीत येऊ शकता. काम तेथेच थांबवावे, इतर फोल्डर उघडून शोध घेऊ नये आणि लॅपटॉप आहे त्या स्थितीत ठेवून पोलिसांना बोलवावे.

प्रश्न : मी शाळेत समुपदेशक आहे. नववीतील एका मुलीने, कोणालाही सांगणार नाही असे वचन घेऊन, ओळखीचा एक तरुण तिची विवस्त्र छायाचित्रे पसरवत असल्याचे मला सांगितले. वचन मोडू का?

उत्तर : मोडावे लागेल, कारण कलम १९ मध्ये समुपदेशकाला सूट नाही. सतरा वर्षांच्या मुलांच्या परस्परसंमतीच्या प्रकरणांत ही सक्ती मला स्वतःला कठोर वाटते. येथे मात्र छायाचित्रे दर तासाला नव्या हातांत जात आहेत. तरीही तिच्या नकळत तक्रार झाली, तर ज्या एका मोठ्या माणसावर तिने विश्वास टाकला त्यानेही फसवले असे तिला वाटेल आणि पुढे ती तपासातही बोलणार नाही. म्हणून आजच तिच्यापाशी बसून, असे वचन देण्यात आपली चूक झाली हे स्पष्टपणे मान्य करावे आणि पुढे काय होईल ते समजावून सांगावे: तिचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना नोंदवायचा असतो, तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही आणि माध्यमांना तिची ओळख उघड करता येत नाही. सोबत कोण हवे, घरी आधी कोणाला सांगायचे, हे तिलाच ठरवू द्यावे. कळवायचे की नाही हे तिच्यावर सोपवू नये; तो भार तिच्या वयाला पेलणारा नाही.

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आरोपीला ओळखा’ असे लिहून अशीच चित्रफीत आली. मी ती पुसून ग्रुप सोडला. एवढे पुरे ना?

उत्तर : पुसलेत ते योग्यच, पण पुरेसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात अशी सामग्री पाहणे आणि बाळगणे याविषयी कठोर भूमिका घेतली आणि ती कळवण्याच्या कर्तव्यावरही भर दिला. ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक, दिनांक आणि वेळ आठवेल तशी लिहून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. बालकांविषयीच्या अशा तक्रारीत नाव न देण्याची सोय आहे. शेजाऱ्याचा हेतू काय होता हे तपास अधिकारी पाहतील. ॲडमिनला मात्र आजच फोन करावा, कारण ती चित्रफीत इतरांच्या फोनमध्ये अजून असेल.