हिरव्या छताच्या धंद्यात उतरताय? आधी पैशाचं गणित मांडा

छतबाग करा, हिरवी भिंत करा नाहीतर हेम्पक्रीट (हेम्पच्या खोडाचा चुरा आणि चुना मिसळून केलेलं भिंतीचं साहित्य) विका, पहिला प्रश्न एकच: पैसा हातात कधी पडणार? बांधकामात बिल काम झाल्यावर मंजूर होतं आणि त्यातलीही काही टक्के रक्कम दोषदायित्वाची मुदत (काम झाल्यावर निघालेले दोष तुम्हीच दुरुस्त करायचे तो काळ) संपेपर्यंत अडकून राहते. तुमची रोपं मात्र ऑर्डरच्या कितीतरी आधी वाढवायला घ्यावी लागतात. म्हणून करारात रोपांसाठी आगाऊ रक्कम मागाच. लाजू नका, सळईवालाही मागतो.

अनुदान मंजूर झालं म्हणून हुरळून जाऊ नका. बरीच अनुदानं आधी खर्च, मग परतफेड अशी असतात. पगार त्यातून निघत नाहीत. ती चाचण्यांवर घाला. आगीच्या चाचणीचं प्रमाणपत्र नसेल तर विमावाला अडवतो. आणि हेम्पक्रीट भार पेलत नाही, लाकडी सांगाडा वेगळा लागतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

छतबागेची किंमत सांगण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्या. पातळ थराची बागसुद्धा पाणी प्यायल्यावर चौरस मीटरला साधारण 60 ते 150 किलो भरते.

खरी कमाई देखभालीत आहे. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रकल्पांना जैवविविधतेत 10 टक्के निव्वळ वाढ दाखवावी लागते, तीही 30 वर्षं टिकणारी, म्हणजे तितकी वर्षं देखभाल आलीच. देखभालीचा असा दीर्घ करार हातात असला की बँकवाला नीट ऐकून घेतो. भागभांडवल देणाऱ्यांना मात्र झटपट वाढ हवी असते, त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी जा.