बी रुजते ते मातीच्या उबेवर

प्रश्न : मिरचीचे बी ट्रेमध्ये पेरून पंधरा दिवस झाले, एकही कोंब वर आला नाही. त्याच दिवशी पेरलेले टोमॅटो मात्र उगवले. खोलीतला तापमापक २२ अंश दाखवतो. बी जुने निघाले असेल का?

उत्तर : बियाण्याला दोष देण्याआधी तापमापक भिंतीवरून काढून मातीत खुपसा. बी जितके खोल आहे तितकाच, म्हणजे साधारण १ सेंमी, आणि आकडा पहाटे बघा. ओल्या मातीतले पाणी उडताना तिची ऊब घेऊन जाते, म्हणून उघडा ओला ट्रे खोलीच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश थंड असू शकतो. रात्री तो आणखी उतरतो. टोमॅटो २० अंशांवर आठवड्याभरात, फार तर एखादा दिवस उशिरा, उगवतो. मिरचीला तेवढ्याच उबेत बारा-तेरा दिवस लागतात आणि १५ अंशांवर तीन आठवड्यांहून जास्त. माती २५ ते ३० अंश ठेवलीत तर हेच काम आठ-दहा दिवसांत होते.

ट्रेखाली ऊब देणारी चटई ठेवायची असेल तर थर्मोस्टॅट (ठरवलेले तापमान आपोआप राखणारे यंत्र) असलेली घ्या, त्याची तार मातीत रोवा आणि २८ अंशांवर लावा. ३५ च्या वर गेल्यास कोवळा कोंब आतच करपतो. ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवा. पाणी कमी उडते, मातीही कमी थंड होते. झाकलेला ट्रे थेट उन्हात मात्र कधीच नको, तासाभरात आतली हवा भट्टीसारखी तापते.

आत्ता काडीने एक बी उकरून दोन बोटांत दाबून बघा. टणक लागले, आतून पांढरे दिसले तर बहुधा जिवंत आहे, ऊब द्या आणि थांबा. बोटांत पिचकले, वास आला तर कुजले.

प्रश्न : काकडी आणि भोपळ्याचे बी प्रत्येक वेळी कुजते. रोज न चुकता पाणी देतो.

उत्तर : रोजचे पाणीच नडते आहे. बी एकदा फुगले की ते श्वास घ्यायला लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या तर त्याला हवाच मिळत नाही. शेतात आपण वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, पेरतो, ट्रेमध्येही तोच वाफसा हवा.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आधी भिजवून, फुगवून, एक-दोनदा साध्या पाण्याने धुऊन घ्या. त्यात बऱ्याचदा क्षार असतात. मग मूठभर घेऊन घट्ट आवळा. बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला, पण टिचकीने फुटला, तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पसरून वाळू द्या. ट्रेला तळाशी भोके हवीतच. काकडीचे बी १ ते दीड सेंमी, भोपळ्याचे २ ते अडीच सेंमी खोल, आडवे ठेवून पेरा. झाकण लावा. माती २५ ते ३० अंश असेल तर कोंब दिसेपर्यंत बहुधा पुन्हा पाणी लागतच नाही. वरचा थर फिकट तपकिरी झाला आणि ट्रे उचलल्यावर हलका वाटला, तरच तो वीस मिनिटे उथळ पाण्यात ठेवा आणि उरलेले पाणी निथळू द्या.

उलट चूकही तितकीच घातक आहे. मोड फुटायला लागलेले बी एक दिवस जरी कोरडे पडले तरी मरते.

प्रश्न : त्याच उबदार चटईवर पालक आणि लेट्यूस अजिबात येत नाही.

उत्तर : त्यांचे ट्रे चटईवरून खाली उतरवा. दोघांनाही १५ ते २० अंश पुरतात. ३० च्या आसपास लेट्यूसचे बी झोपी जाते. शिवाय त्याच्या बऱ्याच वाणांना उजेड लागतो, म्हणून बी नुसते मातीवर दाबा, पुरू नका.

प्रश्न : रोपे भराभर वर येतात, लुकडी होतात आणि आडवी पडतात.

उत्तर : आधी देठ बघा. देठ सगळीकडे सारखाच बारीक आणि फिकट असेल तर उजेड कमी पडला. निम्मे कोंब दिसले की झाकण काढा, चटई बंद करा, रोपांना १८ ते २० अंशांवर आणा. एलईडी दिवा १० ते १५ सेंमी उंचीवर, दिवसाला १४ ते १६ तास. हे दोन दिवस लांबवले तरी रोप उंचावते आणि तो लांब देठ पुन्हा आखूड होत नाही. टोमॅटोचे रोप मात्र दुसरीकडे लावताना दलांपर्यंत (बियातून निघालेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत) पुरता येते.

देठ मातीलगत पाणचट होऊन दोऱ्यासारखा आवळला असेल तर तो ‘मर’ हा रोग. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींचे ते काम, आणि पडलेले रोप वाचत नाही. भोवतालच्या मातीसकट काढून टाका, बाकीच्यांना हवा खेळती ठेवा, पाणी खालूनच द्या. जुना ट्रे वापरताना साबणाने धुऊन, १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी यात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ खळबळून घ्या.

प्रश्न : काही रोपांच्या डोक्यावर बियांचे टरफल अडकून राहते. काढावे का?

उत्तर : कोरडे असताना ओढू नका, दले तुटतात. टरफलावर पाण्याचा थेंब ठेवा, तासाभराने पुन्हा एक. मऊ झाले की बहुतेक वेळा दलेच ते ढकलून देतात. असे वारंवार होत असेल तर बी फार वर पेरले जाते आहे. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर असू द्या आणि पेरल्यावर ती तळहाताने हलकी दाबा.