फोमच्या हेल्मेटचा रंग तडकतोय, एलईडी जळतोय: आधी वस्तू कुणासाठी ते ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परिस्थिती अशी दिसते: आवडत्या कथेतल्या अंतराळयोद्ध्याचं हेल्मेट आणि त्याची किरण-बंदूक तुम्ही ईव्हीए फोममधून, म्हणजे लवचीक रबरासारख्या हलक्या शीटमधून बनवताय. दोन महिने झाले. हेल्मेट जरा वाकलं की रंग तडकतो, जोड खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतात आणि बंदुकीतला एलईडी दोनदा जळला. काम संपलं की सहा वर्षांच्या मुलीला खेळायला द्यायचं आहे, आणि तेच कपाटात मांडूनही ठेवायचं आहे. शेवटी विचारलंय की हे सगळं सोडून थ्रीडी प्रिंटर घ्यावा का.

प्रिंटर आत्ता घेऊ नका. तुमच्या तिन्ही अडचणींपैकी एकही प्रिंटरने सुटत नाही, उलट दोन वाढतील. दोन महिन्यांचं काम वाया गेलेलं नाही, ते वाचवता येतं. पण त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागेल.

सिनेमाच्या सेटवर एकाच वस्तूच्या अनेक प्रती असतात. कॅमेरा अगदी जवळ जाणार असेल तिथे बारकाव्यांनी भरलेली प्रत, तिला 'हीरो' म्हणतात. पडापडी, मारामारी असेल तिथे रबराची किंवा फोमची 'स्टंट' प्रत. हीरो प्रत आपटली तर फुटते आणि स्टंट प्रत जवळून बघवत नाही, हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. तुम्ही एकाच हेल्मेटकडून दोन्ही कामं मागताय. मुलीने डोक्यात घालून सोफ्यावरून उडी मारायची, आणि कपाटात दिव्याखाली धातूसारखं चमकायचंही. आत्ताचं हेल्मेट आणि बंदूक मुलीची, असं आजच ठरवून टाका. कपाटातली जोडी नंतर, वेगळी. हे ठरलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

आता तडे. ईव्हीए फोम म्हणजे बारीक बंद बुडबुड्यांचा गठ्ठा. कापला किंवा घासला की वरचे बुडबुडे उघडे पडतात आणि रंग पितात. त्यावर तुम्ही बहुधा धातूसाठीचा कडक प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारला असणार. फोम वाकतो, प्रायमर वाकत नाही, म्हणून पापुद्रा फाटतो. वर आणखी दोन हात मारले तर थर जाड होईल आणि तडा जास्त रुंद पडेल, तेव्हा तो मोह टाळा. सैल झालेला रंग बोटाने आणि चिकटपट्टीने सोलून काढा, चिकटून बसलेला मऊ पॉलिश पेपरने हलका घासा. रंग चढलेल्या फोमवर हीट गन, म्हणजे खूप गरम हवा फेकणारं यंत्र, फिरवू नका. रंग भाजतो आणि निघणारी वाफ नाकातोंडात जाते.

पुढचा तुकडा कापाल तेव्हा रंगाच्या आधी हीट गन वापरायची सवय लावून घ्या. तोंड एका वितीवर धरून सावकाश फिरवा, एका जागी थांबू नका. नीट पाहिलंत तर तो क्षण दिसतो. मळकट, खडूसारखा दिसणारा पृष्ठभाग अचानक किंचित ओलसर चमकतो, बुडबुडे मिटतात आणि कापलेल्या कडेची लव आत ओढली जाते. तेवढ्यावर थांबायचं. आणखी धरलं तर पातळ कड सुरकुतते आणि ती परत सरळ होत नाही. त्याच उबेत तुकडा गुडघ्यावर किंवा वाटीवर दाबून गार होईपर्यंत धरला की गोलाई कायमची बसते. हेल्मेटच्या टाळूचे तुकडे जोडण्याआधीच असे वळवले तर सांध्यावर ताण येत नाही. तुमचे सांधे उघडतात त्याचं एक कारण मला हेच वाटतं: सपाट तुकडे गोंदाच्या जोरावर वाकवले गेलेत आणि ते पुन्हा सपाट व्हायला बघतायत.

फोमवर थेट रंग नको, मध्ये लवचीक थर हवा. फवाऱ्याने मारायचं रबरी कोटिंग मिळतं, ते उत्तम. ते नसेल तर लाकडाचा पांढरा गोंद थोडं पाणी घालून, ब्रशने तीन ते चार पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण पारदर्शक झाल्यावरच पुढचा. घाईत ओल्यावर दुसरा हात मारला तर आत दुधी डाग राहतो आणि तिथूनच पापुद्रा सुटतो. त्यावर ॲक्रिलिक रंग, तोही पातळ. मुलीच्या हेल्मेटसाठी एवढंच करा, चमकदार वार्निश टाळा.

जोडांचं मूळ दोन ठिकाणी असतं, पातं आणि गोंद. फोम दिसायला मऊ, पण कटरची धार फार लवकर मारतो. बोथट पातं फोम कापत नाही, ओढत नेतं, आणि कड करवतीसारखी होते. अशा दोन कडा कितीही दाबल्या तरी मध्ये फट राहणारच. मी दर चार-पाच लांब कापांनंतर पात्याचा तुकडा मोडतो. मोडलेले तुकडे एका डबीत साठवा, केराच्या टोपलीत तसेच टाकू नका. पातं लंब धरा आणि एकाच दमात आरपार न जाता दोन-तीन फेऱ्यांत कापा. डावी-उजवी बाजू सारखी यायला कागदाचा साचा अर्ध्याच चेहऱ्याचा करा आणि उलटून वापरा.

कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही कडांना पातळ लावायचा आणि मग हात बांधून थांबायचं, साधारण दहा मिनिटं. बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, अशी अवस्था आली की जोडायचं. ओला असताना जोडला तर सांधा सरकतो. आणि एकदा वाळलेल्या कडा टेकल्या की हलवता येत नाहीत, म्हणून एका टोकापासून बोटाबोटाने चिमटीत दाबत जा. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा. साधा धुळीचा मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो.

आत्ता उरलेल्या फटी भरायला खिडक्यांच्या कडांना वापरतात ते ॲक्रिलिक सीलंट घ्या, ओल्या बोटाने सपाट करा. डबीवर 'सिलिकॉन' लिहिलेलं घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. भिंतीची पुट्टीही नको, ती पहिल्याच दाबाला भुगा होऊन पडेल. तरीही एखादा जोड हट्टाने दिसत असेल तर तो लपवायच्या मागे लागू नका. खऱ्या शिरस्त्राणाला पत्र्यांचे सांधे असतातच. जोडाच्या रेषेला समांतर दुसरी खाच कोरा, टोकाला दोन रिव्हेट लावा, आणि तोच जोड मुद्दाम केलेला वाटेल.

मापाबद्दल एक राहिलं. मुलीचं हेल्मेट डोक्याच्या घेरावर बेतताना फोमची जाडी धरलीत का? 10 मिलिमीटर फोम गोल वळवला की बाहेरचा घेर आतल्यापेक्षा जवळपास 63 मिलिमीटर जास्त भरतो. साचा बाहेरच्या बाजूने मापला असेल तर आत डोकं अडकतं आणि सांध्यावर सतत ताण राहतो. डोळ्यांची फटही चित्रात आहे तेवढीच ठेवू नका. खेळताना मुलीला पायाखालचं आणि बाजूचं दिसलं पाहिजे, तेव्हा फट खालच्या बाजूने चांगली मोठी करा आणि तोंडापुढे हवेला भोकं ठेवा. चित्राशी प्रामाणिक राहण्याची हौस कपाटातल्या प्रतीत फेडता येईल.

एलईडीचं कोडं सोपं आहे. तुम्ही 9 व्होल्टची बॅटरी थेट जोडलीत. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट पुरतात आणि 20 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह सोसत नाही. उरलेले 7 व्होल्ट कुठेतरी खर्ची पडले पाहिजेत, त्यासाठी रेझिस्टर, म्हणजे प्रवाह अडवणारा छोटा भाग. 20 मिलिअँपिअर म्हणजे 0.02 अँपिअर, आणि 7 भागिले 0.02 म्हणजे 350 ओहम. बाजारात त्याच्या वरचा मिळतो 390 ओहमचा, तो लावा. निळा किंवा पांढरा एलईडी असेल तर त्याला 3 व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे 300 ओहम, आणि तिथे 330 चालेल. पाव वॉटचा रेझिस्टर पुरेसा आहे. प्रकाश एका टिंबासारखा टोचत असेल तर एलईडीचं डोकं बारीक पॉलिश पेपरने घासून दुधी करा. नळीच्या भिंतीतून उजेड झिरपत असेल तर आतून आधी काळा रंग आणि मग ॲल्युमिनियमची चकाकी.

बॅटरीचं घर मात्र स्क्रूने बंद होणारं करा. भाचीसाठी बनवलेल्या एका दिव्याच्या काठीत मी झाकणाला नुसती खटक्याची पट्टी दिली होती. तिने पहिल्या पाच मिनिटांत बटण असंख्य वेळा दाबलं, दिव्याकडे एकदाच पाहिलं, आणि मग सगळं लक्ष झाकणाकडे वळवलं. दहाव्या मिनिटाला बॅटरी तिच्या मुठीत होती. मोठी बॅटरी होती म्हणून निभावलं. मुलांच्या वस्तूत बटण सेल आणि छोटी शक्तिशाली चुंबकं मी तेव्हापासून वापरत नाही. यांपैकी काहीही गिळलं गेलं तर शरीरात आतून गंभीर इजा होऊ शकते. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर सुटे भागही तपासा. खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाचं छोटं नळकांडं वापरतात, आणि त्यात पूर्ण मावणारा भाग त्या वयासाठी धोक्याचा मानतात. तुमच्या बंदुकीवरची चिकटवलेली बटणं त्यात सहज मावतील.

आणखी एक, मुलीच्या बंदुकीला भडक रंगच द्या. घराबाहेर कुणाच्या हातात खरी वाटणारी बंदूक दिसली तर लांबून बघणाऱ्याला ती फोमची आहे हे कळायला मार्ग नसतो.

आता कपाटातल्या जोडीबद्दल, कारण खरी मजा तिथे आहे आणि तुमच्या प्रश्नात ती ओढ जाणवते. फोटोवरून सगळं शून्यापासून घडवायला बसू नका, आधी अडगळ चाळा. 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधली ती प्रकाशाची तलवार आठवा. सेट सजवणाऱ्या रॉजर क्रिश्चन यांनी तिची मूठ ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेरा-फ्लॅशच्या दांड्यापासून केली. पकड यावी म्हणून त्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि पकडपट्टीत कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची, बुडबुड्यांसारख्या भिंगांची पट्टी बसवली. त्याच सिनेमातल्या हान सोलोच्या पिस्तुलाच्या आत माउझर सी 96 हे खरं जर्मन पिस्तूल आहे. 'बॅक टू द फ्यूचर' या सिनेमातल्या गाडीवरचं कचऱ्यापासून ऊर्जा देणारं यंत्र हे कॉफी दळायच्या यंत्रापासून केलेलं होतं. या वस्तू खऱ्या वाटतात कारण त्यांचे वळसे, आटे, कंगोरे कुणीतरी खऱ्या कामासाठी आखलेले होते. जुना टॉर्च, बंद पडलेलं हेअर ड्रायर, शॅम्पूच्या बाटलीचं झाकण, सायकलचा दिवा हे सगळं हातात घेऊन फिरवून बघा. बंदुकीची नळी त्यातच कुठेतरी असते.

प्रमाण मात्र चोख हवं. फोटोत माहीत असलेल्या मापाची एक तरी गोष्ट शोधा, एखादं ओळखीचं बटण, खरा फ्लॅशचा दांडा, काहीच नसेल तर धरणाऱ्याचा तळहात. त्यावरून बाकीची मापं काढा, खऱ्या आकारात कागदावर छापा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि हातात धरून आरशासमोर उभे राहा. मूठ जाड झाली की पाच सेकंदांत कळतं, आणि पुठ्ठ्यात दुरुस्ती फुकट असते.

रंगकामाला निम्मा वेळ राखून ठेवा. चांदी रंगाखाली चकचकीत काळा थर द्या, धातूला खोली येते. मग काळपट तपकिरी ॲक्रिलिक खूप पातळ करून सगळीकडे फासा आणि फडक्याने पुसा, तो फक्त खाचांत राहतो. शेवटी मऊ पेन्सिलीचं शिसं घासून भुकटी करा आणि बोटाने कडांवर चोळा. मी हे करताना वस्तू आधी डोळे मिटून पाच-दहा वेळा उचलतो, म्यानातून काढल्यासारखी. अंगठा जिथे टेकतो, तर्जनी जिथे घासते, तिथेच रंग झिजवतो आणि तिथेच शिसं चोळतो. बाकी ठिकाणी धूळ असते, झीज नसते. सगळीकडे सारखे ओरखडे काढलेली बंदूक लगेच खोटी वाटते. शिवाय मुठीत लोखंडी नटबोल्ट कोंबून थोडं वजन आणा, उचलणाऱ्याचा चेहराच बदलतो.

प्रिंटरचं आता सांगतो. नॉब, कड्या, एकसारखे दहा भाग यासाठी तो सुंदर आहे. हेल्मेट मात्र त्यावर एक दिवस किंवा जास्त छापत बसतं, आणि मग थरांच्या रेषा घासण्यात त्याहून जास्त दिवस जातात: 120 नंबरचा पॉलिश पेपर, भरणारा प्रायमर, 240, पुन्हा प्रायमर, 400. तयार झाल्यावरही पीएलए, म्हणजे अशा प्रिंटरमध्ये नेहमी वापरतात ते प्लास्टिक, साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतं. माझं असं तयार, रंगवलेलं हेल्मेट उन्हात उभ्या गाडीच्या मागच्या काचेखाली दुपारभर राहिलं. संध्याकाळी उजवा गाल आत बसलेला होता आणि त्या बाजूचा रंग सुरकुतलेला. फोमचं हेल्मेट मुलगी आपटेल, त्यावर बसेल, आणि ते बहुतेक वेळा परत आकारात येईल.

आज रात्री सैल रंग सोलून झाला की आतल्या बाजूचे सांधे चिमटीत ओढून बघा. गोंद ताणला जात असेल तर फक्त फटी भरून पुढे जा. कोरडा होऊन पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तो सांधा पूर्ण उघडा, दोन्ही कडा नव्या पात्याने केसभर कापून ताज्या करा आणि गोंद पुन्हा लावा. टाळूचा मधला सांधा आधी तपासा, सगळा ताण तिथेच येतो.