खटले चालवायला सुरुवात करताय? आधी एवढंच धरा

भारदस्त आवाज, पल्लेदार युक्तिवाद यांची काळजी आत्ता सोडा. वकिलाचं नाव होतं ते तयारीवर आणि विश्वासावर, आणि या दोन्ही गोष्टी तुम्हाला पहिल्या दिवसापासून जमतील.

सगळ्यात आधी फाइल. घटनांची तारीखवार यादी स्वतःच्या हाताने करा. जबाब आणि कागदपत्रं यांतली विसंगती तिथेच सापडते. शक्य असेल तर घटनास्थळी जाऊन उभे राहा. 'खिडकीतून स्पष्ट दिसलं' असं साक्षीदार म्हणतो आणि तिथे पाहावं तर मध्ये भिंत असते!

उलटतपासणीत नवखे हमखास घसरतात:

- सूचक प्रश्न (ज्यात हवं ते उत्तर आधीच सुचवलेलं असतं) सोडून 'का?' विचारतात आणि साक्षीदाराला खुलाशाची आयती संधी देतात.
- हवं ते उत्तर मिळालं तरी थांबत नाहीत. तो एक जादा प्रश्न कमावलेलं सगळं घालवतो.
- पुढचा प्रश्न शोधण्याच्या नादात आलेलं उत्तर ऐकतच नाहीत.

आपल्या विरोधात जाणारा आधीच्या खटल्यातला निवाडा न्यायाधीशांपासून लपवू नका. तो आपणच मांडा, आपलं प्रकरण वेगळं कसं ते सांगा. समोरच्या वकिलाला दिलेला शब्द पाळा. पक्षकाराला निकालाची हमी कधीच देऊ नका. बाजू लंगडी असेल तर तडजोडीचं वेळेवर बोला, भले तो नाराज होवो.

युक्तिवादाच्या खुब्या नंतर पाहू. तूर्तास एखाद्या मुरलेल्या वकिलाची उलटतपासणी पूर्ण ऐका, आणि त्यांनी कोणते प्रश्न मुद्दाम टाळले तेही टिपून ठेवा.