एएमडीचा ५६००जी प्रोसेसर आहे, ८ जीबीची एकच २६६६ स्पीडची रॅम आहे. १० हजारांत ३६०० ची फास्ट रॅम घेऊ की ग्राफिक्स कार्ड?

आत्ता दोन्ही नको. आहे तशीच २६६६ ची आणखी एक ८ जीबीची स्टिक रिकाम्या स्लॉटमध्ये टाका, मग पुढचं बोलू.

५६००जी मधल्या व्हेगाला, म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेल्या ग्राफिक्सला, स्वतःची मेमरी नसते, ती तुमच्या रॅममधूनच खाते. २६६६ च्या एका स्टिकवर सेकंदाला २१ जीबी डेटा जातो, दोन टाकल्या की ड्युअल चॅनेलने (दोन्ही स्टिक्स एकाच वेळी डेटा देतात) ४२ च्या वर. ३६०० ची एकटी स्टिक आणलीत तर २८.८. आता पैसे कशाला मोजायचे ते तुम्हीच बघा.

एवढं तावातावाने लिहितोय, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात २०२१ पासून वाद पेटलेला आहे. मेव्हण्याने त्या दिवाळीत ५६००जी घेतला. तेव्हा क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी ग्राफिक्स कार्डांचा बाजार पार उठवला होता, साधं जीटीएक्स १६५० कार्डसुद्धा अव्वाच्या सव्वा भावाने जात होतं, त्यामुळे प्रोसेसर त्याने बरोबर निवडला. पण रॅम एकच, तुमच्यासारखी. जीटीए ५ अडकतो म्हणून कुरकुर सुरू झाली. मी म्हटलं, दुसरी स्टिक टाक. "दाजी, तुम्ही बँकेत व्हाउचर तपासा, हे आमच्यावर सोडा," असं म्हणून साहेब मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेले आणि तिथल्या एका दुकानदाराने जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारलं. खोक्यावर '४ जीबी' हे कार्डाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. ह्याचा हिशेब असा की व्हेगाकडे शून्य जीबी, ह्याच्याकडे चार.

ते चार जीबी डीडीआर३ चे, तेही ६४ बिटच्या बसवर, म्हणजे डेटाच्या अरुंद वाटेवर. सेकंदाला १४ जीबीच्या आसपास. म्हणजे ज्या एका स्टिकला हा नावं ठेवत होता, तिच्यापेक्षाही कमी!

पुढच्या रविवारी सासुरवाडीला गेलो तर गेम आधीपेक्षा वाईट चालत होता. फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) विशीत घुटमळत होत्या. दुकानदाराने फोनवर सांगितलं, ड्रायव्हर टाका. ड्रायव्हर टाकून झाला होता. मग मीच कॅबिनेट उघडली. सासूबाई म्हणाल्या, चालतंय ना, मग कशाला उचकताय. कार्डाचा स्क्रू काढला, स्लॉटच्या टोकाची क्लिप दाबून कार्ड बाहेर घेतलं आणि एचडीएमआय केबल परत मदरबोर्डला लावली. त्याच सेटिंगवर फ्रेम्स चाळिशीत आल्या. मग माझ्या पीसीतली काढून नेलेली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये कट्ट आवाज येईपर्यंत दाबली, आणि गेम साठीला टेकला. सासूबाईंनाही फरक दिसला, मेव्हण्याला मात्र नाही.

आजही लग्नाकार्यात विषय निघाला की "ते कार्ड डिफेक्टिव्ह निघालं" हेच ऐकवतो. डिफेक्टिव्ह काही नव्हतं. २०१४ चं कार्ड आहे ते, मॉनिटरवर चित्र दाखवण्यापुरतं, आणि ते काम चोख करत होतं. डोळे मिटून जीबी मोजणाऱ्याला कुठलंही कार्ड डिफेक्टिव्हच लागणार.

तर, कार्ड घ्यायचं असेल तर कार्डासारखं घ्या. १० हजारांत जुनं १६५० बघा. त्याची मेमरी व्हर्जनप्रमाणे सेकंदाला १२८ किंवा १९२ जीबीने पळते, तिथे तुमची कुठलीही रॅम पोचत नाही. ७५ वॉटवर चालतं आणि बऱ्याच मॉडेल्सना वेगळी पॉवर केबल लागत नाही. ६५०० एक्सटी कार्ड मात्र नको. त्याला प्रोसेसरशी बोलायला चारच लेन (डेटाच्या वाटा) आहेत आणि ५६००जी पीसीआयई ३.० या कार्ड-जोडणीच्या जुन्या, निम्म्या वेगाच्या पिढीवरच थांबतो, म्हणजे अर्धा रस्ता आधीच बंद. आणि नवे जड गेम खेळायचे असतील तर रॅमने काही होणार नाही हेही खरं, मग थेट कार्डासाठीच पैसे साठवा.

हे सगळं व्हेगासारखं ग्राफिक्स आत असेल तरच. इंटेलचा 'एफ'वाला प्रोसेसर असेल तर कार्डाशिवाय स्क्रीनच लागणार नाही. इंटेलच्या एच४१० बोर्डवर ३२०० ची रॅम टाकली तरी आय३-१०१०० वगैरे प्रोसेसर ती २६६६ वरच चालवतात. तुमच्या बोर्डला चार स्लॉट असतील तर स्टिक्स प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात. पुढे कधी ३२०० चा जोड घेतलात तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ती मुकाट कमी स्पीडवर चालत राहील आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या घालाल.

आणि हो, २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव भडकवलेत. नवी घेण्याआधी जुन्या बाजारात २६६६ शोधा. मेव्हण्याकडे आहे एक, पण ती विकायची नाही. ती माझी आहे, त्याने अजून परत केलेली नाही.